क्युबाचं धोरण कळायचं तर तेलाचं जहाज बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे : क्युबात १९५९ पासून एकच राजवट, शेजारच्या महासत्तेची व्यापारबंदी, वर्तमानपत्रं सरकारी. अशा एकट्या पडलेल्या समाजवादी देशाचं आर्थिक धोरण खरं तर गोठून जायला हवं. तरी दर आठ-दहा वर्षांनी तिथे सुधारणा झाल्याच्या बातम्या येतात आणि पाठोपाठ त्या गुंडाळल्याच्याही. हे नेमकं काय चालतं?

मी अर्थतज्ज्ञ नाही. साखर कारखान्यांचे सुटे भाग परदेशात विकणाऱ्या एका कंपनीत मी २६ वर्षं निर्यात विभागात काढली आणि १९९४ पासून क्युबाची फाईल माझ्या टेबलावर होती. मिलचे रोलर, साखळ्या, सेंट्रिफ्युगलच्या जाळ्या, पंपांचे भाग. माल बंदरातून सुटला की पैसे कधी येणार, हा घोर सुरू. उधारीवर माल देणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या घरची परिस्थिती अभ्यासावीच लागते. माझं क्युबाचं शिक्षण असं झालं.

त्यातून हाती लागलेलं सूत्र सांगतो. हवानात बाजार उघडणार की मिटणार, हे पक्षाच्या अधिवेशनात जाहीर होतं, पण ठरतं बंदरात. तेल कोण पाठवतंय आणि त्याचे पैसे किती उशिरा मागतंय, ते बघायचं. बाहेरचा पोशिंदा मिळाला की भाजी विकणारा माणूस नफेखोर ठरतो. पोशिंदा गेला की त्याच माणसाला परवाना मिळतो. हे सूत्र दोन ठिकाणी फसतं. ते पुढे येईलच.

सुरुवातच तेलापासून झाली. फेब्रुवारी १९६० मध्ये सोव्हिएत नेते मिकोयान हवानाला आले आणि साखर द्या, तेल घ्या असा करार झाला. ते कच्चं तेल शुद्ध करायला एस्सो, टेक्साको आणि शेल या कंपन्यांनी नकार दिला, म्हणून क्युबाने त्यांच्या रिफायनऱ्या ताब्यात घेतल्या. जुलैत अमेरिकेने क्युबाच्या साखरेचा उरलेला कोटा कापला. त्यावर क्युबाने अमेरिकी मालकीचे साखर कारखाने, वीज, टेलिफोन सगळं सरकारजमा केलं. ऑक्टोबरात अमेरिकेची निर्यातबंदी आली, फेब्रुवारी १९६२ मध्ये संपूर्ण व्यापारबंदी आणि मार्चमध्ये रेशनकार्ड. ते रेशनकार्ड, तिकडे त्याला ‘लिब्रेता’ म्हणतात, आजही आहे. पानं मात्र रिकामी होत गेली.

याच काळात राष्ट्रीय बँकेची सूत्रं एका अर्जेंटिनी डॉक्टरकडे गेली. चे गेव्हारा. नोटांवर त्याची सही नुसती ‘चे’ एवढीच. (त्याआधी काही महिने, १९५९ च्या उन्हाळ्यात, तो दिल्लीत नेहरूंना भेटून गेला होता.) पुढे तो उद्योगमंत्री झाला आणि १९६३ ते ६५ या काळात क्युबात एक खराखुरा वाद झाला, तोही छापील नियतकालिकांतून, उघडपणे. चे म्हणत होता की सगळे सरकारी कारखाने म्हणजे एकाच कंपनीच्या शाखा, त्यांनी आपापसात पैसे कसले द्यायचे-घ्यायचे? माणूस बक्षिसासाठी नव्हे, जाणिवेने राबला पाहिजे. समोर होते जुने कम्युनिस्ट कार्लोस राफाएल रोद्रिगेस. प्रत्येक कारखान्याने आपला जमाखर्च आपण मांडावा, तोटा दिसू द्यावा, ही त्यांची बाजू. पुढची साठ वर्षं क्युबात जे काही झालं ते या दोन टोकांच्या मधलं हेलकावणं आहे. बाहेरून आपल्याला एकच विचार दिसतो, आत दोन आहेत.

आधी चेची बाजू जिंकली, गंमत म्हणजे चे देश सोडून गेल्यावर. १३ मार्च १९६८ च्या भाषणात फिडेल कास्त्रोंनी उरलेसुरले खासगी धंदे बंद करण्याची घोषणा केली. सुमारे ५५ हजार छोटे व्यवसाय सरकारजमा झाले. त्यांत मोठा भांडवलदार एकही नव्हता. तो १९६० मध्येच संपला होता. हे होते न्हावी, चांभार, लाँड्रीवाले, रस्त्यावर तळणीचे पदार्थ विकणारे. न्हाव्याची खुर्ची सरकारी करून देशाला काय मिळालं, हे मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

मग १९७० चा तो प्रसिद्ध गळीत हंगाम. लक्ष्य एक कोटी टन साखरेचं. यावर मी जरा रेंगाळणार, कारण हा माझा प्रांत. हंगाम १९६९ च्या जुलैतच सुरू झाला. ऑफिसांतले कारकून, विद्यार्थी, सैनिक, सगळे ऊसतोडीला. नाताळची सुट्टी गेली ती गेलीच, परत यायला १९९७ उजाडलं. आता ऊस पक्व व्हायच्या आधी तोडला की उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, पडतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकी अधिकाऱ्याला विचारा. आपल्याकडेही कारखाने घाईने धुराडं पेटवतात, पण त्याला कारण असतं : शेजारचा कारखाना ऊस पळवेल. क्युबात पळवणारा कुणीच नव्हता. अडाणी हातांनी उंच तोडलेला ऊस, बुडखे शेतातच. तोडल्यावर मिलपर्यंत पोचायला उशीर, तोवर साखर उतरलेली. नवी यंत्रं वेळेत बसलेली नाहीत. शेवटी साखर निघाली सुमारे ८५ लाख टन. तोवरचा विक्रम होता तो! पण त्यासाठी बाकी सगळी अर्थव्यवस्था माणसांविना आणि गाड्यांविना उभी राहिली होती. २६ जुलै १९७० ला फिडेलनी भर सभेत अपयश कबूल केलं.

इथून मागे फिरणं आलं. १९७२ मध्ये क्युबा सोव्हिएत गटाच्या व्यापारी संघटनेत, कॉमेकॉनमध्ये गेला. साखरेला जागतिक भावाच्या कितीतरी पट दर आणि तेल स्वस्त. सत्तरीच्या अखेरीपासून तर असं ठरलं की सोव्हिएत तेलातलं जेवढं वाचेल तेवढं क्युबाने परस्पर विकावं. ऐंशीच्या मध्यावर अशी वर्षं आली की देशाला डॉलर मिळवून देण्यात हे फेरविक्रीचं तेल साखरेच्या पुढे गेलं. तेलाची विहीर नाममात्र असलेला देश तेल निर्यातदार!

माझं सूत्र पहिल्यांदा फसतं ते इथे. पोशिंदा एवढा उदार, तरी १९८० मध्ये शेतकऱ्यांचे खुले बाजार सुरू झाले. कारण पोशिंद्याच्या अटी होत्या. पैसा मॉस्कोचा तर हिशोबाची वही पण मॉस्कोच्या पद्धतीची : कारखान्याला नफा-तोटा, कामगाराला कामाप्रमाणे बोनस. म्हणजे रोद्रिगेस यांची बाजू वर आली. मग १९८६ च्या वसंतात फिडेलनी ‘चुकांची दुरुस्ती’ जाहीर केली आणि मे महिन्यात ते शेतकरी बाजार बंद केले. मधले दलाल गबर झाले, हे कारण. त्याच वर्षी क्युबाने पाश्चात्त्य देशांच्या कर्जाचे हप्ते थांबवले. डॉलर संपले होते, पण सोव्हिएत तेल येत होतं, म्हणून फिडेलना ही चैन परवडली.

आणि त्याच १९८६ च्या डिसेंबरात व्हिएतनामने ‘दोई मोई’ म्हणजे नवीकरण सुरू केलं. तिथेही एकच पक्ष, तिथेही अमेरिकेची बंदी, शिवाय युद्धाने भाजलेला देश. तो उघडला, क्युबा मिटला. आज व्हिएतनाम क्युबाला तांदूळ पाठवतो आणि व्हिएतनामी कंपनी क्युबाच्या जमिनीवर भात पिकवते. समाजवादी देश आहे म्हणून असंच होणार असं कुणी म्हणालं की मी हे एक वर्ष पुढे करतो.

मग सोव्हिएत संघ गेला. १९८९ ते ९३ या चार वर्षांत क्युबाचं राष्ट्रीय उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने घटलं, आयात तीन चतुर्थांशाने. याला तिथे ‘शांतताकाळातला विशेष कालखंड’ असं गोंडस नाव आहे. बस बंद झाल्या, चीनहून दहा लाखांवर सायकली आल्या. १९९२-९३ मध्ये अपुऱ्या आहारामुळे डोळ्यांच्या नसांचा विकार पसरला, सुमारे ५० हजार लोकांना. आपल्याकडून १९९२ मध्ये हरकिशनसिंग सुरजित यांच्या पुढाकाराने गोळा केलेला गहू जहाजाने तिकडे गेला. आमच्या पिढीतल्या डाव्या मित्रांना तो अजून आठवतो, आणि क्युबन माणसालाही आठवतो, हे मी स्वतः ऐकलं आहे.

आता धोरण कसं उलटलं ते बघा. ऑगस्ट १९९३ पर्यंत खिशात डॉलर सापडला तर तुरुंग. ऑगस्ट १९९३ नंतर डॉलर बाळगणं कायदेशीर. सप्टेंबरात शंभरावर व्यवसायांत स्वयंरोजगाराला परवानगी, त्याच महिन्यात सरकारी ऊसमळे मोडून सहकारी गटांच्या ताब्यात. ऑक्टोबर १९९४ मध्ये शेतमालाचे बाजार परत, म्हणजे आठ वर्षांपूर्वी पाप म्हणून बंद केलेलेच. घरात खाणावळ चालवायलाही परवानगी मिळाली, पण टेबलांभोवती बारापेक्षा जास्त खुर्च्या नकोत आणि नोकर नको, घरचेच लोक हवेत. या खाणावळींना ‘पालादार’ म्हणतात. ते नाव ब्राझीलच्या एका दूरदर्शन मालिकेतून आलं.

मी पहिल्यांदा गेलो १९९५ च्या फेब्रुवारीत, ऐन हंगामात. हवानापासून पूर्वेला एका कारखान्यावर. तिथले मुख्य अभियंते माझ्याच वयाचे, कीवला शिकलेले, हुशार माणूस. पगार महिना ४०० पेसो. रस्त्यावरच्या भावाने त्याचे बारा-तेरा डॉलर होत होते. त्यांच्या पत्नी पर्यटकांच्या हॉटेलाजवळ पेरूची वडी विकायच्या. हो, पेरूचीच. क्युबात ती घरोघरी करतात आणि चीजबरोबर खातात. चांगल्या आठवड्यात त्या नवऱ्याच्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त कमवायच्या. अभियंते मला हे हसत सांगत होते, पण त्यांनी नजर मिलकडेच ठेवली होती.

त्यांच्याच ऑफिसात मला क्युबाच्या रोगाचं मूळ दिसलं. ते मी नंतर अनेकांना समजावून सांगितलं आहे, आणि साखरेच्या धंद्यातल्या माणसाला ते लगेच कळतं. आपल्याकडे २०१३ पर्यंत साखरेला दोन भाव होते. लेव्हीची साखर सरकारला ठरलेल्या कमी दराने द्यायची, उरलेली खुल्या विक्रीत. एकाच पोत्याला दोन किमती असल्या की कारखान्याचा खरा नफा-तोटा कुणालाच कळत नाही. क्युबात हेच पैशाला होतं. सामान्य माणूस १ डॉलरला तेव्हा तीस-बत्तीस, पुढे २०-२५ पेसो मोजायचा. सरकारी कंपन्यांच्या वहीत मात्र १ डॉलर म्हणजे १ पेसो.

परिणाम काय? मी दहा हजार डॉलरचा रोलर दिला की त्यांच्या पुस्तकात तो दहा हजार पेसोंना पडायचा. म्हणजे अभियंत्यांच्या जेमतेम दोन वर्षांच्या पगाराएवढा! त्यामुळे जुना रोलर वेल्डिंग करून, परत खाचा पाडून वापरण्यापेक्षा नवा मागवणं कागदावर स्वस्त. उलट, साखर निर्यात करून आलेल्या डॉलरला कारखान्याच्या खात्यात एकच पेसो. त्यामुळे देशाला डॉलर मिळवून देणारा कारखाना तोट्यात दिसायचा आणि डॉलर खाणारी कंपनी नफ्यात. १९९४ च्या अखेरीस डॉलरच्या बरोबरीचा दुसरा पेसो छापला तेव्हा हा गुंता कायमचा बसला, तो २०२१ पर्यंत. इतकी वर्षं नियोजन मंडळाने आकडे बघून निर्णय घेतले आणि आकडेच खोटे होते. यात कुणी लबाडी केलेली नव्हती. मापच वाकडं होतं.

ऑक्टोबर २००० मध्ये व्हेनेझुएलाचे अध्यक्ष चावेझ आणि फिडेल यांचा करार झाला : व्हेनेझुएलाकडून रोज ५३ हजार बॅरल तेल, बदल्यात क्युबन डॉक्टर आणि शिक्षक. पुढे तेल जवळपास दुप्पट झालं. मला याची खबर वर्तमानपत्रातून कळायच्या आधी ऑर्डरींच्या कागदांवरून लागली. तोवर साखरखात्यातली खरेदी कंपनी स्वतः सही करून ऑर्डर द्यायची. २००३ नंतर प्रत्येक डॉलरसाठी हवानातल्या समितीची मंजुरी लागू लागली. आमची एक साखळ्यांची ऑर्डर, रक्कम फुटकळ, पाच महिने समितीपुढे पडून होती. नोव्हेंबर २००४ मध्ये डॉलर व्यवहारातून काढून टाकला, बदलून घ्यायला दहा टक्के कपात. खाणावळींचे आणि इतर स्वयंरोजगाराचे परवाने आटत गेले. कायदा बदलायची गरजच पडली नाही. नवा परवाना द्यायचा नाही, जुन्याचं नूतनीकरण लांबवायचं, तपासनीस पाठवायचा. बाजार मिटवायची ही पद्धत फार शांत असते.

२००२ मध्ये साखरेचा भाव पडलेला होता म्हणून १५६ कारखान्यांपैकी सुमारे ७० बंद केले. निर्णय हिशोबाने चूक नव्हता, काही कारखाने खरंच भंगार होते. पण ऊस काढलेल्या जमिनीवर काय लावायचं, कुणी लावायचं, हे ठरलं नाही. दोन वर्षांनी मी गेलो तेव्हा एका बंद कारखान्याच्या भोवती माणसाच्या दुप्पट उंचीचं काटेरी रान माजलं होतं. तिथे त्याला ‘माराबू’ म्हणतात. गुलाबी-पिवळी दुरंगी फुलं पाहिल्यावर मी ओळखलं : ही तर आपली सिगमकाठी, माळरानावर शेळ्या खातात ती. आपल्याकडे गरिबासारखी माळावर उगवते, तिकडे लाखो हेक्टर जमीन गिळून बसली. मुळं इतकी चिवट की तोडून उपयोग नाही. पुढे तिचा कोळसा करून युरोपला विकायला लागले, तेवढाच उपयोग.

पैशांचं विचाराल तर २००८-०९ हा माझा सगळ्यात वाईट काळ. गुस्ताव आणि आइक ही दोन चक्रीवादळं लागोपाठ आली, निकेलचा भाव कोसळला, अन्नधान्य महागलं आणि क्युबाने परदेशी पुरवठादारांची देशातली खाती गोठवली. एका सरकारी खरेदी कंपनीकडे आमची दोन कंटेनरची रक्कम होती. तिथल्या बाई अतिशय सभ्य. म्हणाल्या, तुमचं बिल मंजूर आहे, रक्कम खात्यात जमाही दिसतेय, फक्त त्यामागे डॉलर नाहीत. नंतर त्याला एक कागद निघाला, तरलतेचा दाखला. खात्यावर पैसे असले तरी या पैशाला खरे डॉलर आहेत असा बँकेचा दाखला जोडला तरच ते देशाबाहेर जाणार. आमचे पैसे चार वर्षांनी, तेही तुकड्यातुकड्याने आले. व्याजाचं नाव नाही.

आणि या सगळ्यात चिडवणारी गोष्ट. २००१ पासून अमेरिका क्युबाला अन्नपदार्थ विकते, कोंबडीच्या गोठवलेल्या तंगड्या जहाजं भरभरून. अमेरिकी कायद्याची अट : पैसे आगाऊ, रोख. ज्याने कोंडी केली त्याला रोखीने, आणि आम्ही अलिप्त राष्ट्रांचे जुने मित्र म्हणून ३६० दिवसांच्या उधारीवर. म्हणून एकटा पडलेला देश हे वर्णन मी जरा जपून वापरतो. व्यापारबंदी खरी आहे, तिचा खर्चही खरा आहे. आमचे एका युरोपियन बँकेतून येणारे पैसे निव्वळ ‘क्युबा’ हा शब्द बघून परत गेलेले आहेत. पण क्युबाने जगाशी व्यापार कधीच थांबवला नाही. एकटं पडणं बघायचं तर अल्बानिया : १९७६ च्या राज्यघटनेतच परदेशी कर्ज घ्यायला बंदी घातलेली, आणि १९७८ मध्ये चीनशीही फाटल्यावर उरलंच नाही कुणी. किंवा उत्तर कोरिया, जिथे दुष्काळात लोकांनी आपोआप उभा केलेला बाजार मोडायला नोव्हेंबर २००९ मध्ये सरकारने जुन्या नोटाच बाद केल्या आणि लोकांची साठवण बुडाली. त्या तुलनेत क्युबा बोलका.

फिडेलच्या जागी त्यांचे धाकटे भाऊ राउल कास्त्रो आले आणि परत दार किलकिलं झालं. २००८ मध्ये पडीक जमीन कसायला देणं, २०१० मध्ये पाच लाख सरकारी नोकर कमी करण्याची घोषणा आणि १७८ व्यवसायांना परवाने, २०११ मध्ये घर आणि मोटार विकत घ्यायची-विकायची मुभा. घाई नाही, पण थांबणंही नाही, असं राउलचं ब्रीद होतं. घाई नव्हती हे शंभर टक्के खरं ठरलं.

जमीन दिली, पण पीक विकायचं कुठे? इथे ‘अकोपियो’ नावाची सरकारी खरेदी यंत्रणा येते. पिकाचा मोठा हिस्सा तिलाच, तिने ठरवलेल्या भावाने. ट्रक वेळेवर येत नाही, खोके नसतात, टोमॅटो बांधावर सडतो आणि हवानात टोमॅटो मिळत नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला हे सांगायला नको. १९७२ पासूनची आपली एकाधिकार कापूस खरेदी योजना आठवा. हेतू चांगला, व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडवण्याचा. पण चुकारे थकायचे आणि शेजारच्या राज्यात भाव चढा असला की रात्री ट्रक सीमा ओलांडायचे. आपल्या शेतकऱ्याला निदान सीमेपलीकडे दुसरं राज्य होतं. क्युबन शेतकऱ्याच्या चारही बाजूंना समुद्र. टोमॅटो सडतो त्याला व्यापारबंदी कारण नाही. हे मी तिथल्या सरकारी माणसांकडूनच ऐकलं आहे, अर्थात जेवणाच्या टेबलावर, ऑफिसात नव्हे.

डिसेंबर २०१४ मध्ये ओबामांनी हात पुढे केला, पर्यटक लोटले, आणि व्हेनेझुएलाचं तेल कमी होत असूनही डॉलरची चणचण थोडी सैल झाली. लगेच, २०१६ च्या अधिवेशनापासून, श्रीमंती साठवण्याविरुद्ध भाषणं सुरू. ऑगस्ट २०१७ मध्ये नवे परवाने थांबले. मग ट्रम्प यांचे निर्बंध, मग कोविड, पर्यटन जवळपास शून्यावर. १ जानेवारी २०२१ ला दोन पेसो एक करून सगळ्यांसाठी डॉलरला २४ असा दर ठरवला. जे १९९५ मध्ये करायचं ते पंचवीस वर्षांनी, तेही दुकानांत माल नसताना. विकायला वस्तू नाही आणि पगार वाढवले, मग महागाई भडकणारच. रस्त्यावरचा डॉलर तीन वर्षांत ३०० पेसोंच्या पुढे गेला. ११ जुलै २०२१ ला लोक रस्त्यावर उतरले आणि ऑगस्टमध्ये, १९६८ नंतर पहिल्यांदा, शंभर कामगारांपर्यंतच्या खासगी कंपन्यांना कायदेशीर मान्यता मिळाली.

त्यानंतर माझं सूत्र दुसऱ्यांदा फसलं. कुणी नवा पोशिंदा आलेला नसताना २०२४ मध्ये परत आवळायला सुरुवात झाली. वर्षाच्या शेवटी खासगी घाऊक व्यापारावर बंदी आली आणि काही आठवड्यांत सरकारनेच डॉलरमध्ये विकणारी दुकानं उघडली. पूर्वी दार मिटायला निदान विचारांचं कारण असायचं. आता मला त्यात सरळ गिऱ्हाईक पळवणं दिसतं. मोठी हॉटेलं आणि डॉलरची दुकानं गाएसा या सैन्याच्या अखत्यारीतल्या उद्योगसमूहाकडे आहेत. वीज नाही, ऊस नाही, तरी गुंतवणूक वर्षानुवर्षं शेतीपेक्षा हॉटेलांत जास्त. ऑक्टोबर २०२४ मध्ये एक मोठं वीज केंद्र बंद पडलं आणि अख्ख्या देशाचे दिवे गेले, तेव्हा नव्या हॉटेलांच्या इमारती तेवढ्या जनरेटरवर उजळलेल्या होत्या, असं तिकडच्या ओळखीच्यांनी कळवलं.

साखरेचं तर बोलायलाच नको. ‘साखर नाही तर देश नाही’ अशी तिथली जुनी म्हण. १९७० मध्ये ८५ लाख टन काढणारा देश २०२३ च्या हंगामात साडेतीन लाखांच्या आसपास होता, दोन वर्षांनी दोन लाखांच्याही खाली. आपल्या महाराष्ट्राने एकट्याने २०२१-२२ मध्ये १३७ लाख टन काढली.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाला उत्तर देताना मी म्हणेन, घोषणा वाचू नका, दोन-तीन साध्या गोष्टी बघा : तेलाचं जहाज कुठून निघालं, नवीन परवाने किती दिले, आणि पुरवठादाराला पैसे आगाऊ मिळताहेत की उधारीवर. शिवाय प्रत्येक हेलकाव्यात थोडं काही मागे उरतं, ते पुसता येत नाही. १९९३ नंतर डॉलर खिशातून गेला नाही, २०११ नंतर घर विकायचा हक्क गेला नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात मला फोनवर एक संदेश आला. कीवला शिकलेले ते अभियंते, आता निवृत्त, एका खासगी कंपनीत मेव्हण्याबरोबर भागीदार. अन्नधान्य आयात करतात. वडी विकणाऱ्या बाई हिशोब बघतात. त्यांना रोलर नको होते. दोन कंटेनर साखर हवी होती, पांढरी, भारतीय चालेल, पैसे आगाऊ, तिसऱ्या देशातल्या बँकेतून. इतक्या वर्षांत क्युबातून आगाऊ पैशाची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होतो. मला त्यांना कळवावं लागलं की त्या हंगामात आमच्याच सरकारने साखरेची निर्यात बंद ठेवली आहे, परवाना मिळणार नाही. त्यांचं उत्तर पाच मिनिटांत आलं : हसणारे तीन चेहरे, आणि खाली, ‘तुमच्याकडेही समिती आहे का?’